आठवडी बाजार आणि ताजी भाजी: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर खानदेशातलं, सासर अलिबाग तालुक्यातलं आणि संसार बदलापुरात. त्यामुळे भाजी या विषयावर माझी तीन ठिकाणची मतं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. आठवड्याच्या बाजारातून पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले की कोणीतरी विचारतंच, "हे काय आणलंत? कुठे मिळालं? करतात कसं?" चौथा मजला येईपर्यंत उत्तर पुरं होत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

'स्थानिक' म्हणजे किती जवळचं?

किलोमीटर मोजत बसू नका. "कुठलं हे?" असं विचारल्यावर विकणाऱ्याला गावाचं नाव सांगता आलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी. उत्तरं साधारण तीन येतात. "घरचं आहे." "आमच्या वाडीतनं गोळा केलं." आणि "कल्याण मार्केटचं." तिसरं उत्तर देणाराही खरंच बोलतोय. तो बिचारा पहाटे उठून बाजार समितीतून माल उचलतो आणि टेम्पोचं भाडं भरून इथवर आणतो. फक्त तो माल नाशिकचा, जुन्नरचा, कधी पार परराज्यातला असतो. चांगला असेल तर मीही घेते, पण त्याला गावचा म्हणत नाही.

कांद्या-बटाट्याच्या बाबतीत मी हट्ट सोडलाय. पालेभाजी, वेलावरच्या भाज्या, शेंगा आणि रानभाज्या मात्र जवळच्याच. कारण या गोष्टींना प्रवास सोसत नाही.

अ‍ॅपवर दहा मिनिटांत भाजी दारात येते. मग उन्हातान्हात बाजारात कशाला?

अ‍ॅप माझ्याही फोनमध्ये आहे. साबण, बिस्किटं, पाहुणे दारात आल्यावर लागणारं दही, सगळं त्यावरूनच येतं. भाजी नाही मागवत.

अ‍ॅपवर बाराही महिने तीच भाजी दिसते. भेंडी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, परत भेंडी. आपण घरूनच ठरवतो, आज भेंडी. बाजारात उलटं होतं. मागच्या श्रावणात मी दोडका आणायला गेले आणि येताना पिशवीत करटोली, हातभर लांब तवसं (मोठी काकडी) आणि अळूच्या दोन जुड्या होत्या. दोडका राहूनच गेला. बाजारात यादी घेऊन जाऊ नये या मताची मी आहे. आधी एक पूर्ण फेरी मारायची, आज काय आलंय ते बघायचं आणि मग ठरवायचं, रात्री काय शिजणार. यातली अर्धी मजा त्या ठरवण्यातच आहे.

दुसरं कारण चवीचं, आणि ते माझ्या मनाचे खेळ नव्हेत. भाजी तोडली तरी ती श्वास घेत असते. तिच्यातली साखर खर्च होत राहते, पानांतून पाणी उडत राहतं. मक्याच्या कणसात आणि मटारात तर तोडल्यापासून साखरेचं पिठात रूपांतर सुरू होतं. सकाळी तोडलेलं कणीस दुपारी भाजून खाल्लं तर लिंबू-मीठ लावायचीही गरज वाटत नाही. तेच तीन दिवसांनी खाल्लं की आपण लिंबावर लिंबू पिळत राहतो.

आमच्या भागात असा बाजार भरतो का, हे कसं कळणार?

रिक्षावाल्याला विचारा. खरंच. महाराष्ट्रात आठवडी बाजार ही फार जुनी व्यवस्था आहे. बहुतेक तालुक्यांच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी आठवड्याचा एक वार ठरलेला असतो आणि त्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते. पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत, ती उगीच नाहीत. गोव्यात म्हापशाचा शुक्रवार प्रसिद्ध आहे. मे महिन्यात तिकडे गेलात तर पुरुमेंताची खरेदी बघा: पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, चिंच, कांद्याच्या माळा, सगळं एकाच रस्त्यावर.

मोठ्या शहरांत आणखी एक सोय आहे. 2016 साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच सुमारास संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. तिथे शेतकऱ्यांचे गट थेट माल आणतात. मैदानात, शाळेच्या आवारात, सोसायटीबाहेर, कुठेही भरतात.

आणि हे काहीच नसेल तर स्टेशनच्या बाहेर बघा. आमच्या सेंट्रल लाइनवर कर्जत-कसाऱ्याकडच्या ठाकूर आणि कातकरी बायका सकाळच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात. फलक नाही, ओटा नाही, एक बारदान अंथरलेलं. मला आजवर मिळालेल्या सगळ्यात चांगल्या भाज्या त्या बारदानावरच्या आहेत.

किती वाजता जावं?

सकाळी निवड मिळते, संध्याकाळी स्वस्त मिळतं. दुपारी एक ते चार काहीच मिळत नाही, सगळे झोपलेले असतात.

समोरचा शेतकरी आहे की व्यापारी, ओळखायचं कसं?

त्याच्यापुढे किती प्रकार आहेत ते मोजा. स्वतःच्या शेतातलं आणणाऱ्याकडे चार-पाच जिन्नस असतात आणि तेही विचित्र जोडीचे: वांगी, कढीपत्ता, सहा नारळ, एक फणस आणि गावठी अंडी. बारा प्रकारच्या भाज्या, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या दिसल्या की समजा, माल बाजार समितीतून आलाय.

शेतकऱ्याच्या भाजीत सारखेपणा नसतो. एक काकडी वाकडी, एक जाड, एका वांग्याला किडीचं भोक. मेथीच्या जुडीला मुळं आणि मुळांना माती. जुडी रबराने नाही, सुंभाने किंवा केळीच्या सोपटाने बांधलेली.

शेवटची परीक्षा म्हणजे गप्पा. "यंदा पाऊस कसा झाला तुमच्याकडे?" एवढं विचारा. व्यापारी म्हणेल, "चांगला झाला." शेतकरी दहा मिनिटं बोलेल आणि तुमची गाडी चुकेल.

भाजी ताजी आहे हे बघायचं कसं?

डोळ्यांपेक्षा बोटांनी. पाणी मारून चकचकीत केलेली पालेभाजी डोळ्याला फसवते. जुडी उलटी करून मधे बोट घाला. आत गरम लागलं किंवा चिकट लागलं तर ठेवून द्या.

भेंडीचं टोक मोडून बघतात हे सगळ्यांना माहीत आहे, विक्रेत्यांनाही, आणि त्यांना ते आवडत नाही. दहा टोकं मोडून दोन भेंड्या घेणाऱ्या बायकांविषयी ते काय बोलतात ते मी ऐकलंय. एक मोडा, कट्‌ आवाज आला की बाकीच्या विश्वासाने घ्या. गवार वाकवली की तुटली पाहिजे, नुसती वाकली तर जून. दुधीला नख लावायचं ते देठाजवळ, लपवून. नख सहज रुतलं तर कोवळा. वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांगं म्हणजे आत बियाच बिया. देठ हिरवा, काटेरी आणि सालीला घट्ट चिकटलेला. माझ्या आईचं म्हणणं, वांग्याचा काटा बोटाला टोचला की घ्यावं.

कोथिंबीर हुंगून घ्या. पान मोठं, देठ जाड, दिसायला राजबिंडी आणि वास शून्य, अशी कोथिंबीर शहरात सर्रास मिळते. गावठी कोथिंबिरीची जुडी किडकिडीत असते, पण पिशवीतून घरी येईपर्यंत लोकलच्या डब्यातल्या शेजाऱ्यांना कळतं.

टोमॅटोचं मला विचारू नका. चांगला टोमॅटो ओळखता येण्याची वयं गेली, मी आता देठाचा वास घेते आणि देवावर सोडते.

रानभाज्या म्हणजे कोणत्या? आणि त्या इतक्या थोडे दिवसच का मिळतात?

ज्या कोणी पेरत नाही, पहिल्या पावसानंतर माळावर, बांधावर, डोंगरउतारावर आपसूक उगवतात, त्या. कोवळ्या असतात तोवरच खायच्या. टाकळा पंधरा दिवसांत जून होतो, मग गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून हंगाम आखूड.

आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. मे संपताना, जूनच्या तोंडाशी शेवळं. पाऊस पडला की टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी. आषाढ-श्रावणात करटोली. टाकळा मेथीसारखाच दिसतो, पण उग्र. फणसाच्या आठळ्या किंवा भिजवलेली चणाडाळ घालून केला की जमतो. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं भाजी सुकली. फोडशी गवतासारखी, धुताना हातून चिखल निघतच राहतो, चार पाणी तरी लागतात. भारंगी कडू, उकडून पिळून घ्यायची, मग कांदा आणि भिजवलेले मूग. करटोली मात्र सगळ्यांना आवडते, कडू नसलेलं कारलंच ते. नर आणि मादी वेल वेगळे असल्यामुळे त्याची लागवड सोपी नाही. भाव नेहमी चढा असतो, त्याचं हेही एक कारण.

शेवळांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी पडलेय. लग्नानंतर बदलापुरात आलो तो पहिला जून. स्टेशनबाहेर एका मावशीकडे जांभळट, टोकदार, फुलाच्या मिटल्या कळीसारखं काहीतरी दिसलं. मी खानदेशातली, असलं काही पाहिलेलं नव्हतं. एक जुडी घेतली. मावशी म्हणाली, "संगं काकडं घे बाय." मला वाटलं काकडी म्हणतेय, घरी होती. मी मान हलवली आणि निघाले.

काकडं म्हणजे काकडी नव्हे. छोट्या आवळ्यासारखी हिरवी आंबट फळं, रानातल्याच एका झाडाची. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्यात बारीक सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. काकडांच्या आंबट रसात शिजवलं की खाज मोडते. शिवाय आतला पिवळा दाणेदार भाग आधी काढून टाकायचा असतो. मी यातलं काहीच केलं नाही. कांदा-लसणाची खमंग फोडणी दिली, शेंगदाण्याचा कूट घातला, सगळं खानदेशी पद्धतीने. पहिल्या घासाला यजमान काही बोलले नाहीत. दुसऱ्या घासाला उठून गेले. दोघंही रात्री अकरापर्यंत चिंच चोखत आणि ताक पीत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात त्याच मावशीला सांगितलं. ती इतकी हसली की शेजारच्या दोघींना बोलावून परत सांगायला लावलं. मग टोपलीतून मूठभर काकडं काढून पदरात घातली, पैसे घेतले नाहीत. आता दरवर्षी पहिली शेवळं मी तिच्याकडूनच घेते. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून त्यांचं कालवण करतात ते सासूबाईंनी शिकवलं. ते खाल्ल्यावर ती रात्र माफ होते.

मग फिरायला गेल्यावर रानभाजी स्वतःच तोडून आणली तर?

नका आणू. सारख्या दिसणाऱ्या दोन पानांतलं एक खायचं असतं आणि एक नसतं. ते फोटो बघून कळत नाही. ओळखणाऱ्या माणसाबरोबर चार पावसाळे हिंडा, मग बघू. कृषी विभाग पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे नावासकट बघायला आणि चाखायला मिळतात.

घासाघीस करावी का?

माझे वडील भरताची वांगी पिकवायचे. माल लिलावाला गेला की आठवड्याने पट्टी यायची, म्हणजे हिशेबाचा कागद. वर मालाची रक्कम, खाली भाडं, हमाली, तोलाई आणि अडत, म्हणजे दलाली. एका वर्षी आवक इतकी होती की सगळं वजा जाता उरलेल्या पैशांत आम्हा तीन भावंडांच्या वह्या आल्या, पुस्तकं राहिली. वडील काही बोलले नाहीत. उरलेली वांगी गुरांना घातली. (अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची हा बदलही 2016 मधलाच. आमच्या वह्या त्याच्या फार आधीच्या.)

त्यामुळे बारदानावर बसलेल्या बाईशी मी पाच रुपयांसाठी हुज्जत घालत नाही. ती आधीच अख्खी साखळी ओलांडून माझ्यापर्यंत आलेली असते. व्यापाऱ्याशी मात्र खुशाल घासाघीस करा, त्यालाही ती अपेक्षित असते आणि त्याने तसा भाव धरलेलाच असतो. दोघांनाही एक गोष्ट चालते: भाव कमी करू नका, वर मूठभर कढीपत्ता आणि दोन मिरच्या मागा. ते हसून देतात.

वाटा, जुडी, पायली... किलोने का देत नाहीत?

कारण काट्यापेक्षा डोळ्याचा हिशेब जुना आहे. वाटा म्हणजे एका घराला एका वेळी पुरेल एवढा ढीग. शेवळं, करटोली, बोरं, करवंदं, सुकट वाट्याने. चार शेरांची एक पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. धान्याच्या बाजारात बायका अजून याच मापांत बोलतात. वाट्यातला एखादा जिन्नस खराब असेल तर बदलून मागायचा, हक्क आहे.

बाजारचं म्हणजे सेंद्रियच ना?

नाही. हा गैरसमज मी दर आठवड्याला खोडते. जवळच्या शेतातली भाजीही फवारलेली असू शकते. सेंद्रिय म्हणून जे पाकिटातून विकलं जातं त्यावर प्रमाणपत्राची खूण लागते, 'जैविक भारत' असा शिक्का बघा. बाजारातल्या शेतकऱ्याकडे असा कागद क्वचितच असतो. त्याऐवजी तो समोर असतो, आणि त्याला विचारता येतं: "शेवटची फवारणी कधी झाली?" खरं उत्तर देणारे असतात. एका काकांनी मला सरळ सांगितलं, "फ्लॉवर या आठवड्यात घेऊ नका ताई, परवाच मारलंय. मुळे घ्या." त्या दिवसापासून त्यांचा फ्लॉवर मी डोळे मिटून घेते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं मात्र कोणाचीही भाजी असली तरी चुकवायचं नाही.

एकाच भाजीला इतकी नावं कशी?

माझ्या संसाराची पहिली दोन वर्षं यातच गेली. मी म्हणायचे गिलकी, सासरी ती घोसाळी. माझं गंगाफळ, त्यांचा लाल भोपळा. माझी दोडकी, त्यांची शिराळी. विदर्भातली माझी जाऊ 'सांबार' आण म्हणाली, तेव्हा दीर हॉटेलात जाऊन वाटीभर सांबार घेऊन आला. तिला कोथिंबीर हवी होती. तिच्याकडे पेरूला जाम म्हणतात आणि बटाट्याला आलू. बाजारात नाव अडलं तर बोट दाखवा.

कोणत्या महिन्यात काय घ्यायचं, याचा तक्ता आहे का?

आपल्याकडे तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, त्याला कालनिर्णय म्हणतात. तारखा नका बघू, सण बघा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं, कारण तेव्हा कैऱ्या आलेल्या असतात. आषाढात एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी: चातुर्मास पाळणारी घरं त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळं खाऊन घेतात. भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातलं आणि रानातलं: अळू, लाल माठ, पडवळ, शिराळी, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस, एकाच पातेल्यात, चिंचेच्या कोळात. तेल-मसाल्याशिवाय ही भाजी इतकी गोड लागते की तेवढ्यासाठी मी पावसाळा आवरता घेऊ देत नाही.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. चार महिने वांगं न खाणाऱ्यांचा उपास तिथे सुटतो, आणि नेमकी तेव्हाच वांगी भरात असतात. आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं, पांढरट रेघांचं, एकेक दोन मुठींएवढं. ते गॅसवर भाजणं हा गुन्हा आहे. कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, लाकडी खलात ठेचायचं, सोबत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. बरोबर कळण्याची भाकरी.

मग भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची लेकुरवाळी भाजी: सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, ओल्या शेंगा, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्याच सुमारास सोलापूर-नगरकडे हुरडा आणि रायगडात पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. थंडीत शेतात उभं राहून, बोटं भाजत त्या शेंगा सोलून खाणं हे ज्याने केलं नाही त्याला मी लेखी उत्तर देऊन समजावू शकत नाही.

अलिबागचा पांढरा कांदा म्हणून मिळतो तो खरा असतो का?

सगळा नसतो. मुंबई-गोवा रस्त्याला वडखळच्या आसपास उन्हाळ्यात कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. 2022 मध्ये या कांद्याला मानांकन मिळालं आणि नाव वाढलं तशी नक्कलही वाढली. बाहेरचा पांढरा कांदाही याच नावावर खपतो. आमच्या भागातल्या एका चकचकीत दुकानात जाळीच्या पिशवीत 'अलिबाग' अशी चिठ्ठी लावून विकत होते. चिरताना डोळ्यांतून जे पाणी आलं त्यावरून कळलं, हा सासरचा नाही.

खरा कांदा भाताचं पीक निघाल्यावर त्याच ओलीवर होतो आणि फेब्रुवारीच्या सुमारास निघू लागतो. आकाराने मध्यम, चवीला गोडसर, कच्चा खाल्ला तरी तोंडाला झोंबत नाही. पातीसकट उपटून वाळवतात आणि त्या पातीचीच वेणी घालून माळ करतात. सासूबाईंचा हात त्यात असा चालायचा की बोलता बोलता माळ तयार. सुटा, मोठा, गोणीतला कांदा कोणी अलिबागचा म्हणून देत असेल तर शंका घ्या. माळ घरी आणल्यावर वाऱ्यावर टांगा, बटाट्यांच्या टोपलीत घालू नका. आमच्याकडे ती वाशाला असायची. आता बाल्कनीत कपड्यांच्या दांडीला आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ते पसंत नाही.

आंबे?

कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूने, ठरलेल्या प्रमाणात पिकवायला परवानगी आहे. घरी अढी घालायची असेल तर कच्चे आंबे घ्या, पेंढ्यात ठेवा आणि रोज उठून वास घेण्याचा मोह आवरा. हापूसच्या नादात रायवळ विसरू नका. जूनमध्ये चोखून खायचा आंबा तोच, आणि त्याचं साठं उत्तम होतं.

इतकी भाजी आणून ठेवायची कुठे?

इतकी आणूच नका. पालेभाजी दोन दिवसांची, बाकीची चार दिवसांची. पालेभाजी न धुता, मुळं कापून, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. टोमॅटो बाहेर, गारठ्यात त्यांचा वास जातो. केळी बाहेर, नाहीतर काळी पडतात. काकडी-भेंडी कोरडी पुसून. कोथिंबीर निवडून डब्यात, खाली कागद. आणि कापडी पिशव्या जास्त न्या. मी तीन नेते आणि नेहमी चौथी लागते.

आम्ही परदेशात असतो. आमचं काय?

माझा भाचा न्यू जर्सीत आहे. पहिली दोन वर्षं तो गोठवलेल्या पाकिटातली करटोली आणून आईची आठवण काढत बसायचा. मग त्याला तिथला शेतकरी बाजार सापडला. जर्सीचा उन्हाळ्यातला टोमॅटो आणि गोड मका तिथे अभिमानाने विकतात. आता तो ऑगस्टमध्ये त्या मक्याचा कीस करतो, वर ओलं खोबरं आणि लिंबू, आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवून जळवतो. करटोली बदलापुरात येऊनच खा. तिथे असाल तर तिथलं खा.

भाजी आणली, पण करायची कशी तेच माहीत नाही.

घ्यायच्या आधी विकणारीलाच विचारा. यूट्यूबवर एका फोडशीच्या तीस पाककृती आहेत आणि त्यातल्या वीसांत पनीर आहे. माझ्या शेवळंवाल्या मावशीने मला दिलेली अशी: "बूड कापून टाक, आतला पांढरा दांडा काढ. लय धू. बारीक चीर. तेलात लसूण नि मिरची, वर कांदा, मंग भाजी. पाणी घालू नको, तिचं तिलाच सुटंल. मीठ शेवटाला, नायतर खारट व्हईल, ती बसती ना खाली." मग तिने मापाला हात दाखवला, मुठीत न मावणारी एक जुडी. "दोन माणसं ना? मंग दोन घे. एकीत काय होतंय."